चिकटवलेला ‘अ पार्ट’

आमच्या गल्लीतला पेंटर अक्षरांत जागा सोडायला भारी चिक्कू. दोन शब्द जवळ आले की चिकटवलेच! आठ वर्षं अबोला धरलेले दोन शिंपी भाऊ पुन्हा एक झाले आणि दुकानाच्या पाटीवर त्यांनी इंग्रजीत लिहायला सांगितलं, ‘आम्ही एकमेकांचा भाग आहोत’. पाटी रंगली. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं. मी आपला ‘झकास’ म्हणून मोकळा!

उद्घाटनाच्या सकाळी धाकट्याची मास्तरीण बायको ओरडली, “अगं बाई! ‘अ पार्ट’ म्हणजे भाग. हे तर जोडून ‘अपार्ट’ झालंय, म्हणजे वेगळे!”

थोरला धाकट्यावर घसरला. “तुझ्या मनात तेच होतं तर!”

“दादा, मला तरी कुठं इंग्रजी येतं?”

“भांडू नका हो,” पेंटर शिडीवर चढला. “मी जोडलं म्हणून तुम्ही तुटलात, आता तोडतो.”

‘अपार्ट’ नेमकं दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. त्यातलं पहिलंच अक्षर डावीकडे सरकवायचं, तर ते पाटीच्या चौकटीवर गेलं. तिकडे वाकताना शिडी डगमगली. दोघा भावांनी धावत जाऊन ती दोन बाजूंनी धरली.

“नीट धर की गाढवा!” थोरला खेकसला.

आठ वर्षांत त्याने धाकट्याला मारलेली ही पहिली प्रेमळ हाक.