हसून दिलेला रिपोर्ट

समुपदेशन करणाऱ्या ताई एचआयव्हीचा रिपोर्ट पुढे सरकवताना हसल्या, आणि माझा संशय तिथंच बळावला.

“निगेटिव्ह आहे, दादा. संबंधाला तीन महिने उलटून गेलेत, आता हा पक्का.”

“नळ्यांची अदलाबदल झाली नसेल ना?”

“नळीवरचं नाव तुम्हीच वाचलंत. शिकलेली माणसंच फार छळतात बघा.”

शिकलेला मी आहेच, घरातला पहिला पदवीधर. गल्लीतले लोक आपले रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतात आणि निर्धास्त घरी जातात. शेजारच्या नानांचा वाईट रिपोर्ट मात्र मी त्यांचा चेहरा बघून “काही विशेष नाही” असा हसत वाचला होता. खरं त्यांच्या मुलाला सांगितलं. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याची मला धास्तीच वाटते.

“ताई, एकदा न हसता सांगा.”

त्यांनी सांगितलं. तरीही मी खुर्ची सोडली नाही.