इन्स्ट्रुमेंट चेक

वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा आईनं जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत घरोघरी पेढे वाटले. नोकरी मात्र मिळाली नाही. नोकरी नसली तरी परवान्याला जोडलेलं इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी चालू ठेवावं लागतं. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा फक्त समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून विमान चालवता येतं का, हे परीक्षक शेजारी बसून बघतो. नोकरीतल्यांचा हा चेक, म्हणजे ही चाचणी, कंपनी करून घेते. आमच्यासारख्यांना ताशी भाड्यानं विमान घ्यावं लागतं. गच्चीवर खोली बांधायला आईनं साठवलेले पैसे पहिल्या चेकला गेले. दुसऱ्यासाठी तिनं शाळा सुटल्यावर घरी शिकवण्या सुरू केल्या.

त्या वर्षी पैसे जमले, पण विमान मिळेना. मी शिकले त्या फ्लाइंग स्कूलचं दोन इंजिनांचं एकुलतं एक विमान सुट्या भागासाठी अडून बसलं होतं. ते दुरुस्त झालं तर परीक्षकाची तारीख मिळेना. अशात मुदत संपली, आणि नेमकं तेव्हाच एका विमान कंपनीनं निवडीसाठी बोलावलं. रेटिंग चालू हवं, ही त्यांची अट.

मी बस धरून स्कूल गाठलं. परीक्षक आले होते, विमान पुन्हा बंद पडलं होतं. ऑफिसातल्या माणसानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की भाडं भरून टाका, उड्डाण झाल्याचं आम्ही कागदावर दाखवतो. तुम्हाला विमान चालवता येतंच की, असंही म्हणाला.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. कॉपी करताना सापडलेल्या पोराचे वडील ओळखीचे निघाले, तरी त्याला परीक्षेतून उठवणारी ही बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "करून टाक की. मी अजून किती वर्षं शिकवण्या घेऊ?"

मला तिचा राग आला नाही. आत जाऊन मी नाही म्हणाले आणि परतीची बस पकडली. निवड हुकली. आई पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

उन्हाळ्यात परराज्यातल्या एका स्कूलमध्ये तारीख मिळाली. वर गेल्यावर बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर, फक्त काटे दिसतील अशी, झापड लावली. एक लांब वळण संपवून मी विमान सरळ केलं, आणि अंगाला वाटायला लागलं की आपण भलतीकडेच कलतोय. काटे म्हणत होते, विमान सरळ आहे. आधीच्या वर्षी मी काट्यांचं ऐकलं असतं. त्या दिवशी हातानं अंगाचं ऐकलं. विमान खरोखरच कललं आणि उंची सुटत गेली. परीक्षक शांतपणे म्हणाले, "सोडा." त्यांनी कंट्रोल हातात घेतले, झापड काढायला सांगितली. खाली शेतं तिरकी दिसत होती.

तिथंच राहून पुन्हा सराव केला, पुन्हा भाडं भरलं आणि पास झाले. शिकवण्यांचे उरलेसुरले पैसे त्यात संपले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तू नोकरीवर असतीस तर मागं माणसं बसलेली असती ना?"

"हो."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. शिकवणीची मुलं आली तशी उठून आत गेली.

आता सोलापुरातूनही विमानं उडतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या काकू वर बघून विचारतात, तू कधी चालवणार ते. मी हसते. नोकरी अजून नाही आणि रेटिंगची मुदत पुन्हा संपत आलीय. सकाळपासून मी दोन्ही स्कूलना फोन लावतेय. एकीकडं विमान बंद आहे, दुसरीकडं परीक्षक कधी येतील ते सांगता येत नाही म्हणतात. शाळेला निघताना आई दारात थांबून तारखेचं विचारते. मी नाही म्हणते. ती चपला घालते आणि जाते.