खाड्याचं बंड

माझे पीएचडीचे गाइड जर्मन. इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ, दोन्ही. कोळशाच्या खाणींच्या गावात जन्मले, पुण्यात राहून मराठी शिकले, मुंबईच्या गिरणी कामगारांवर पुस्तक लिहिलं आणि त्या एका पुस्तकाच्या जोरावर सिडनीत प्रोफेसर झाले. माणूस हुशार, वादच नाही. पण आपल्याला मराठी येतं याचा भारी तोरा.

त्या पुस्तकात माझे बाबा आहेत. नाव नाही, नुसतं 'एक विणकर'. मी पीएचडीला यायच्या कितीतरी आधी सरांनी त्यांची मुलाखत घेतली होती. बाबा त्यांना म्हणाले, "त्या वर्षी माझे लई खाडे झाले." आता खाडा म्हणजे कामावर न जाणं, एवढंच. खानावळीत जेवायला गेला नाहीत तरी खाडाच. सरांनी त्याचा केला मूक संप! मालकाविरुद्धचं गुपचूप बंड! अख्खं प्रकरण त्यावर, आणि मग देशोदेशी भाषणं.

कसलं बंड नि कसलं काय. आई अंथरुणाला खिळली होती. बाबा घरी राहून तिला भरवायचे, तिची लुगडी धुवायचे. ती गेली तेव्हा मी चौथीत होते.

आता बाबाही नाहीत. गेल्या वर्षी नवी आवृत्ती निघणार म्हटल्यावर मी सरांकडे गेले. आधीही सांगून पाहिलं होतं, पण या वेळी हात जोडले. म्हटलं, एवढं तरी दुरुस्त करा. ते शांतपणे म्हणाले, "तू मुलगी आहेस, म्हणून हळवी होतेस. बंड करणारा माणूस नेहमी घरचं निमित्त सांगतो."

निमित्त! माझी मरणारी आई म्हणजे निमित्त? मेल्याच्या तोंडावर कप फेकावासा वाटला. घराजवळचं पेंडल हिल स्टेशन येईपर्यंत ट्रेनमध्ये नुसती धुमसत होते.

नवी आवृत्ती आली. प्रकरण जसंच्या तसं.

परवा लेक युनीतून नाचतच आली. तिच्या वर्गाला तेच वाचायला लावलंय, आणि तो विणकर कोण हे तिला ठाऊक आहे. "मम, आजोबा वॉज सच अ रेबेल!" मी तिला समोर बसवून आजीचं सगळं आजारपण सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. मला घट्ट मिठी मारली तिने. मग म्हणाली, "दॅट्स सो सॅड, मम. पण एसेमध्ये मी रेबेलच लिहिणार हां. बुकमध्ये तेच आहे ना."