हुसेन मिस्त्रींच्या फळीवरच्या मुठी

सुताराच्या दुकानात भुशाबरोबर गोष्टीही साचतात. फरक इतकाच, की भुसा रोज संध्याकाळी झाडला जातो. मी डोणगावात मुलींच्या शाळेवर होते, तेव्हा बाकांच्या दुरुस्तीसाठी मला हुसेन मिस्त्रींकडे वारंवार जावे लागे. तिथल्या गोष्टींसाठी मी एक वही केली होती. तिचे दोन भाग होते: ‘ऐकलेले’ आणि ‘पाहिलेले’. पहिला भाग वर्षभरात भरला. दुसऱ्यात बाकांची मापे होती.

*

मिस्त्रींची ख्याती मुठींची. विळा असो की कुऱ्हाड, गिऱ्हाइकाने आधी ओल्या मातीचा गोळा हातात आवळून द्यायचा. बोटांचे ठसे उठलेला तो गोळा फळीवर वाळत राही आणि त्याच्या मापाने मिस्त्री लाकूड कोरत. नवी मूठ हातात ठेवून ते एकच शब्द विचारत, "पसंत?"

गिऱ्हाईक "पसंत" म्हणाले, की गोळ्यावर पाणी पडे आणि ती माती पुढच्या माणसासाठी मळली जाई. तोवर गोळा मोडायचा नाही, हा नियम.

त्यामुळे फळीवर नेहमी दहा-बारा घट्ट पकडी ओळीने मांडलेल्या असत. हात तेवढे नसत. सवय व्हायला मला महिना लागला.

"यांवर नावं तरी लिहीत जा," मी एकदा सुचवले.

"नाव मले वाचता येत नाही, बाई. हात वाचता येते."

*

अमडापूरचा एक माणूस कुऱ्हाडीच्या मुठीसाठी आला. उजव्या हाताचे माप दिले. मिस्त्री म्हणाले, "डाव्याचंबी देऊन ठेव."

"काऊन? मी काय डावखुरा हाओ?"

"देऊन ठेव बे."

त्याने हसत दिले. दोन महिन्यांनी जिनिंगच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. तो डावी मूठ न्यायला आला तेव्हा ती तयार होती.

हे मी ‘ऐकलेले’मध्ये लिहिले आणि मिस्त्रींना सरळ विचारले, "असं तुम्ही आणखी किती जणांना सांगितलं?"

"सगळ्यायलेच सांगतो, बाई. धंदा हाय."

मी समाधानाने वही मिटली. मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "पण तयार करून ठेवली, ती त्याचीच."

*

फळीवर सर्वांत पुढे धूळ खात पडलेला एक गोळा होता. करंगळीचा ठसा अर्धाच. तो गणपत भोयाचा. मासे मारायच्या भाल्याला मूठ हवी म्हणून तो माप देऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी पैनगंगेच्या डोहात उतरला, तो वर आलाच नाही. प्रेतही मिळाले नाही. त्याला तीन वर्षे झाली होती.

"मोडा की आता तो," मी म्हटले.

"त्यानं पसंत कुठं म्हटलं?"

"आता कोण म्हणणार?"

मिस्त्रींनी एक डोळा मिटून हातातल्या लाकडाची धार पाहिली. "काम माह्याकडं बाकी हाय, बाई. त्याच्याकडं नाही."

*

त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ माधव नागपूरच्या कॉलेजातून थोड्या दिवसांच्या सुट्टीवर, आईकडे आणि माझ्याकडे, आला. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियराकडून त्याने भाला सोडणारी स्प्रिंगची बंदूक घेतली होती. तिच्यासह तो पहिल्याच दिवशी त्याच डोहात उतरला आणि खडकावर आपटून तिची लाकडी मूठ तडकवून आला. खाली कपारीत माणसाएवढा मासा आहे, मूठ बसली की आणतोच, असे त्याने जाहीर केले. आईने त्या दिवसापासून एका वेळचे जेवण सोडले.

माधव माझ्याबरोबर माप द्यायला गेला तेव्हा दुकानात एक हवालदार बसला होता. त्याने बंदूक उलटीसुलटी पाहिली.

"हिचं लायसन्स?"

"हिचा बार पाण्याच्या आत होते, जमादार," मिस्त्री म्हणाले. "आत जाऊन इचारा."

माधव गेल्यावर मी मागे थांबले आणि आयुष्यात क्वचित केले असेल असे काम केले. म्हटले, "मिस्त्री, सोमवारी तो नागपूरला जातो. तोवर ही मूठ झाली नाही तर बरं."

"खोटं बोलाले लावता, बाई?"

"आईसाठी."

त्यांनी माधवचा गोळा उचलून फळीच्या पार मागे सरकवला. "डोळ्यासमोर नसलं म्हंजे इसरतो मी."

*

शनिवारी माधव स्वतःच दुकानी गेला आणि मूठ घेऊन आला. सागवानी, गुळगुळीत, सुंदर. फक्त त्याच्या हातात बसेना. करंगळीला जागा अर्धीच होती.

मी तडक मिस्त्रींकडे गेले. त्यांनी फळीकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. माधव मुठीसाठी अडून बसला, तेव्हा सवयीने पुढचा गोळा उचलला होता. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, असे ते म्हणाले. गोळा मागे सरकवायला मी लावले होते; चूक माझी होती. तेही त्यांना ठाऊक होते.

"त्याले म्हणा, नको उतरू. मूठ त्याची नाही."

मी तसे सांगितले. माधव म्हणाला, "ताई, तूसुद्धा?"

*

रविवारी सकाळी मी मनगटावरचे घड्याळ समोर धरून डोहाच्या काठी उभी होते. माधव तीच मूठ बंदुकीला बसवून उतरला होता. एका दमात तो मिनिटभर खाली राही. त्या दिवशी एक मिनिट पन्नास सेकंदांनी वर आला. हात रिकामे होते.

त्याला धाप लागली होती.

"बंदूक निसटली ना?" मी म्हटले. "मूठ हातात बसत नसेल तर ओल्या हातातून निसटणारच."

"निसटली नाही, ताई. घेतली."

"हिसकावली?"

"नाही गं. आपण एखाद्याला त्याची वस्तू देतो अन् तो घेतो, तशी. हळूच."

घरी आल्यावर त्याने आईच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. आईही जेवली. मी मात्र डोहावरून परस्पर मिस्त्रींकडे गेले होते. आमच्या आधी तिकडून गावात कोणी आलेले नव्हते.

मिस्त्री बैलगाडीच्या जुवावर वाकले होते. वैशाखाचे ऊन दारापर्यंत आले होते. फळीवरून थेंब पडत होते. पुढचा गोळा ओला होता. मी बोट लावले. ते आत रुतले. शेजारचे, मागचे, सगळे गोळे एकेक करून पाहिले. खडखडीत कोरडे. वर कौलांत फट नव्हती. पाण्याची घागर पालथी होती. हे सारे ‘पाहिलेले’मध्ये आहे.

"यावर पाणी तुम्ही टाकलंत?"

मिस्त्रींनी मान वर केली. फळीकडे पाहिले. मग उठून तो गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि पाटावर घेऊन मळायला बसले.

"पसंत," ते म्हणाले.