सोनं घरात, मिश्रीची डबी गायब

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. परवा ती पुन्हा वर आली, कारण जावयाच्या खिशातून पेनसारखं काहीतरी सोफ्यावर पडलं. "ई-सिगारेट आहे, अप्पा," तो ओशाळून म्हणाला. बंदी असलेला माल, आणि तोही निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या घरात! वर मलाच समजावतो, "याची तशी सवय लागत नाही. सिगारेटपेक्षा बरी." मी म्हटलं, बाबा रे, धुरातून घे, चुन्यातून घे नाहीतर वाफेतून घे, आत जातं ते निकोटिनच. त्याची पकड काय असते ते मी नव्वदच्या दशकात कोल्हारच्या एका प्रकरणात पाहिलंय, आणि अजून त्याचं नवल ओसरलेलं नाही.

मी तेव्हा फौजदार होतो. कोल्हारजवळच्या एका वस्तीवरून एक बाई बेपत्ता झाली. वय तिशीच्या पुढे, मूलबाळ नाही. विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या. आम्ही गळ टाकले, मग दोन मोटारी लावून विहीर उपसली. खाली चिखल आणि एक फुटकी घागर, बाकी काही नाही. तिचा भाऊ ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटून म्हणाला, "साहेब, दाजीनंच मारली तिला. चपला मुद्दाम ठिवल्यात. बघा, मंगळसूत्र घरात हाय. जिती बाई मंगळसूत्र काढून जाती व्हय?"

मुद्दा बिनतोड वाटला. नवऱ्याला बायकोवर हात उचलायची खोड होती, हे सगळी वस्ती सांगत होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला, नवऱ्याला पोलीस कोठडी मिळाली.

कोठडीत माणूस नुसता बघत बसलं तरी पुष्कळ कळतं. बिडी ओढणारा पहिल्याच सकाळी गजांशी भांडायला लागतो. चुना-तंबाखूवाला रिकामा तळहात चोळत बसतो. गुटख्याच्या पुड्या तेव्हा नव्या होत्या, टपऱ्यांवर त्यांच्या माळा लटकायच्या. आमचे हवालदार सांगायचे, साहेब, हा पुडीवाला सगळ्यांत आधी ढासळतो. हा नवरा पुडीवाला होता, दिवसाला पंधरा-वीस खाणारा. दुसऱ्या दिवशी तो रिकामे खिसे चाचपायला लागला. भाकरीला शिवेना, डोकं भिंतीला टेकवून बसायचा.

तिसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवलं आणि गुटख्याची एक पुडी टेबलावर ठेवली. होय, मीच ठेवली. मारहाण नको, युक्तीनं काम होईल, असा माझा शहाणपणा.

तो पुडीकडे बघत म्हणाला, "साहेब, द्या की. तुमी म्हनाल तसं सांगतो."

"बायकोचं काय केलंस?"

"मारली."

"कशी?"

"गळा दाबला."

"कुठं टाकलीस?"

"तुमी म्हनाल तिथं. परवरा नदीत टाकली."

हे ऐकून कुणाच्याही डोक्यात घंटा वाजली असती. मी मात्र खूश झालो! पुडी दिली, त्यानं दातानं फाडून तोंडात रिकामी केली आणि डोळे मिटून घेतले. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर त्याचा कबुलीजबाब नोंदवायचं ठरलं. तिथं तो हेच बोलला असता तर त्याची सुटका अवघड होती.

त्याच दुपारी त्यांची शेजारीण ठाण्यात आली. साठीची म्हातारी, नऊवारीचा काष्टा, तोंडात दोनच दात.

"साहेब, ती मेली न्हाई."

"कशावरून, आजी?"

"तिची मिसरीची डबी घरात न्हाई. मी समदं हुडकलं. चुलीमागं न्हाई, कोनाड्यात न्हाई."

ठाणे अंमलदार फिस्सकन हसला. म्हातारी त्याच्यावरच उखडली. "हसतुस काय मेल्या? मारलेल्या बाईची डबी घरातच ऱ्हाईल का न्हाई? आन् जीव द्यायला जानारी डबी कशाला नेईल? सोनं इसरंल बाई, मिसरी न्हाई इसरायची."

माझी आई रोज पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. ती लावल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. तरी ते व्यसन आहे असं घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही. आम्ही त्या घराचा दोनदा पंचनामा केला होता. पातेली मोजली, ट्रंक उपसली, मंगळसूत्र जप्त केलं. पंच पुरुष, पोलीस पुरुष. डबी आहे की नाही हे बघायचं एकालाही सुचलं नाही. लाज वाटली मला.

एकटी बाई, हातात पैसा नाही, तरी पोटाला मिळेल अशी जवळची जागा म्हणजे शिर्डी. दुसऱ्या दिवशीचा कबुलीजबाब मी पुढं ढकलला आणि एका हवालदाराला घेऊन निघालो. फोटो होता तो लग्नातला, डोक्याला मुंडावळ्या बांधलेला, ओळखायला काडीचा उपयोग नाही. म्हणून नवख्या बाईला हार ओवायचं काम मिळतं त्या फुलांच्या दुकानांमागच्या खोल्यांत फिरून एकच विचारलं, इथं नवीन कोण मिश्री भाजतं?

चौथ्या खोलीत हार ओवणारी बाई फणफणली, "हाय की एक! आठ दिस झालं आलीया. सकाळी तंबाखू जाळती, खोकून खोकून जीव जातोय आमचा."

ती तिथंच झेंडू निवडत बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली. पायात चपला नव्हत्या. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. जिला मारल्याची कबुली माझ्या टेबलावर होती, ती माझ्यापुढं उभी होती.

तिनं सरळ सांगितलं, "मरायलाच गेल्ते, साहेब. मंगळसूत्र काढून ठिवलं. पहाटं हिरीवर चपला काढल्या. तेवढ्यात तलफ आली. म्हनलं, एकदा मिसरी लावू, मग उडी टाकू. डबी घरातच ऱ्हायली हुती, माघारी आले. डबी घेऊन रस्त्याकडंला लावत बसले तवर उजाडलं. रस्त्यानं फुलवाल्या बाया टेम्पोत चढत हुत्या. म्हनल्या, येती का? चढले."

"चपला?"

"त्या हिरीकडं परत जायला भ्या वाटलं."

मी तिला नवऱ्याबद्दल सांगितलं, पुडीबद्दलही सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल नाहीतर हसेल. तिनं हातातला झेंडू टोपलीत टाकला.

"त्याला हसू नका, साहेब. मी बी तसलीच. चला, येते जबाब द्यायला. पुन्ना नांदायला जानार न्हाई, पन फासावर बी जाऊ देनार न्हाई त्याला."

ठाण्यात तिला पाहून नवरा लहान मुलासारखा रडला. तिचे पाय धरायला वाकला, तशी ती मागं सरकली. जबाब देऊन, शेजारच्या म्हातारीला भेटून ती संध्याकाळच्या एसटीनं शिर्डीला परतली.

एक माणूस चिमूटभर चुऱ्यासाठी खुनी व्हायला तयार झाला. तसल्याच चिमटीनं एका बाईला मरणाच्या काठावरून घरी आणलं. म्हणून तंबाखूचे उपकार मानायचे का? मुळीच नाही. तलफेला कुणाला वाचवायचं नव्हतं आणि कुणाला मारायचंही नव्हतं, तिला फक्त स्वतःची वेळ पाळायची होती. जीव, इज्जत, सोनं, फाशी, सगळं तिच्यापुढं दुय्यम. त्यानंतर मी तलफ आलेल्या माणसाचा जबाब कधी घेतला नाही, आणि हाताखालच्यांनाही घेऊ दिला नाही.

कबुली आमिष दाखवून घेतली होती, हे मी वरिष्ठांना स्वतःच्या हातानं लिहून दिलं. सक्त ताकीद मिळाली, ती मला मिळायलाच हवी होती. तो एका पानाचा अहवाल लिहायला मला तासभर लागला, आणि तेवढ्यात मी पाच सिगारेटी ओढल्या.