चोळून न जाणारी गाठ

त्या दिवशी बोईसरच्या त्या खोलीत आमी चौघी होतो. मी, सुमनबाई. रिंकू, म्हनजे बाळंतीन. तिची सासू, मुलकावरून आलेली. आनि रिंकूची पोरगी. नाव अजून ठेवायचं होतं, तोवर सगळे तिला गुडिया म्हनायचे. रिंकूचा नवरा कंपनीत गेलेला, फर्स्ट शिफ्टला.

मी मोरीत पाय लांब करून बसलेली. गुडिया माझ्या पायांवर पालथी. डावा हात तिच्या छातीखाली. उजव्या हातानं तेल लावत मांडीपासून खाली आली. घोट्याशी आली नि माझं करंगळीशेजारचं बोट अडकलं. घोट्याभोवती आकड्यासारखं वाकलं, उघडेच ना.

माझं काम बाळ-बाळंतीन चोळायचं. बोईसरला कंपनीत लांबलांबची मानसं येतात. बायकांची माहेरं हजार कोसांवर. मग मालीशला माझ्यासारखी बाई लागते. बाळ हातातून निसटू द्यायचं नाय नि आवळायचं पन नाय, एवढंच ते काम. तिथंच माझं बोट फसलेलं.

बोट अडकायचं ते नवीन नव्हतं. सकाळी उठली की वाकलेलं असायचं. दुसऱ्या हातानं वर केलं की टक करून सुटायचं. घरात मी एकटी. माझी मीच सोडवायची, कोनाला सांगितलं नाय. पन आता दुसरा हात पोरीखाली. तो काढला तर तिचं तोंड आपटेल. बोट ओढलं तर तिचा पाय मुरगळेल.

"अम्मा, इकडे या. माझं बोट उघडा."

"क्या करूं?"

"हे बोट वर उचला. हळू."

सासूनं उचललं. टक झालं. ती किंचाळली, "हाय राम, बच्ची की हड्डी!"

"हड्डी नाय. माझं बोट वाजलं."

"तुम्हारी उंगली ऐसे बोलती है?"

"बोलते. सकाळी जास्त बोलते."

रिंकूला हसू आलं. सासूला नाय आलं. तिनं पोरीला उचललं, दोन्ही पाय वाकवून बघितले. पोरगी बरी होती. जरा रडली, मग प्यायला लागली. मी मोरी धुतली, तेलाची वाटी पुसून ठेवली. दारात सासू म्हनाली, "मौसी, कल से मत आना. बुरा मत मानना."

मी वाईट मानलं नाय. माझी नात असती तर मी पन हेच बोलली असती.

पन बिल्डिंगीत गोष्ट फिरली. एकेक घर सुटलं. कोनी तोंडावर बोललं नाय. "आता सासू आली हाय, तीच करते," असं सांगायचे. दिवसभर घरी बसायची सवय नाय मला. पहाटे आंग धुवून तयार व्हायची, मग कुठं जायचं नाय हे आठवायचं.

बसल्या बसल्या काय करनार? बोट चोळायची. तळव्यात, बोटाच्या मुळाशी, वाटान्याएवढी गाठ लागायची. माझा धंदाच चोळायचा. बाळंतिनीची कंबर मोकळी होते, ही का नाय होनार? तेल कोमट करायची नि अंगठ्यानं दाबून दाबून रगडायची. गाठ गेली नाय. बोट सुजलं. भाकरी थापता येईना झाली. तवा पालथा घातला नि पालघरला सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टर मॅडम तरन्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, गाठीवर बोट ठेवलं. मी रोज दुसऱ्याचे हातपाय धरलेले. माझा हात कोनी असा धरून जाम वर्सं झालेली.

"आजी, इथे कोण चोळतं?"

"मीच."

"जोरात?"

"माझं कामच हाय ते."

"मग काही दिवस स्वतःला गिऱ्हाईक समजू नका."

मग त्यांनी समजावलं. परकराचा नाडा नेफ्यातून फिरतो ना, तशी बोटाची दोरी हातातल्या बारीक नळीतून फिरते. सारखं आवळून-दाबून ती दोरी सुजते, तिला गाठ येते. गाठ नळीच्या तोंडाशी अडकते. जोर लावला की टक करून निघते. याला ट्रिगर फिंगर म्हनतात. "चोळलं की सूज आणखी वाढते," मॅडम बोलल्या. रक्त तपासलं तर साखर पन निघाली. साखरवाल्यांना हे जास्त होतं म्हने.

आधी बोट सरळ ठेवायची पट्टी दिली. मग तळव्यात इंजेक्शन. त्यानं साखर थोडे दिवस चढते, म्हनून ती बघत राहायला सांगितलं. बऱ्याच जनांचं एवढ्यानं भागतं. माझं जुनं झालेलं. बरं वाटलं नि परत अडकलं. शेवटी ऑपरेशन ठरलं. बारीकसं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. पन सोबत मानूस आना म्हनाले.

पोरगा सुरतला. त्याला सुट्टी नाय मिळाली. मी एकटीच गेली.

सिस्टरनी विचारलं, "सोबत कोण?"

"पोरगा. खाली गाडी लावतोय."

तळवा बधिर केला. जागी होती मी, मॅडमचं बोलनं ऐकू येत होतं. नळीचं तोंड जरासं कापून मोकळं केलं. "आजी, बोट मिटा. आता उघडा." मिटलं. उघडलं. आवाज नाय. परत केलं, परत नाय.

बाहेर बाकड्यावर बसली. सिस्टर आल्या. "कुठंय तुमचा मुलगा?"

"गाडीला जागा नसेल गावली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चहा आनून दिला नि डाव्या हातात धरवला.

बोट आता बरं हाय. टाके निघाल्यावर मॅडमनी शिकवलेला व्यायाम केला, बाळाला धरायचं बळ परत आलं. घरं मात्र परत आली नाय. त्यांच्याकडे दुसरी बाई लागली, चांगली हाय ती. मला सध्या एक घर हाय, इथंच जवळ सरावली गावात. तिथं पहिल्याच दिवशी हात पुढं करून बोट मिटून-उघडून दाखवलं, मग पोराला घेतलं. ज्या हातात बाळ द्यायचं तो हात आधी बघून घ्यावा. मी पन माझा उशिरा बघितला.

तुमी हे वाचताय, तर एक करा. तुमच्या घरी हातानं काम करनारी बाई येत असेल, मालीशवाली, भांडीवाली, कोन पन, तिला विचारा, सकाळी बोट अडकतं का. अडकत असेल तर चोळू नको सांगा, डॉक्टरकडे धाडा. आनि जमलं तर तिच्यासोबत जा.