कोऱ्या कापडाचा वास

दापोड्याच्या गोदामात मी अत्तराच्या बाटल्या खोक्यांत भरते. खोकं चेपलं की माल बाद होतो आणि त्यातली एखादी बाटली सुपरवायझर आम्हा बायकांना देऊन टाकतो. मला अशीच एक मिळाली. वर पांढऱ्या घड्यांचं चित्र आणि खाली लिहिलेलं की रोज लावायला हलका, नव्या सुती कापडाचा वास. उग्र अत्तरांनी माझं डोकं उठतं. हा नुसता स्वच्छ होता, म्हणून मला फार आवडला.

घरी बाबांना हुंगायला दिला. बाबा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे, सगळी हयात त्यातच गेली. उतरलेला तागा उलगडायचा, घडीत नाक खुपसायचं आणि कोरडा की दमट ते सांगायचं. ओल धरलेल्या कापडाला आधी कुबट वास येतो, डाग मागाहून दिसतात. बाबांनी हुंगल्याशिवाय शेठ ताग्यांचा गठ्ठा बांधू द्यायचा नाही. त्यांनी बाटली नाकाशी धरली आणि हसले. "ह्यात कांजी कुठं हाय? तेल कुठं हाय? दुकानातलं कापड हाय हे, लूमवरचं न्हाय."

बाबांच्या कपड्यांना येणाऱ्या त्या तेलाच्या वासाचीच मला लाज वाटायची. पावसाळ्यात मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि बाबा ड्युटीवरून थेट तिथे येणार होते. सकाळी ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या सदऱ्यावर आणि गळ्यातल्या रुमालावर ते अत्तर चांगलं चार-पाच वेळा मारलं. चारचौघांत शोभा नको, एवढंच डोक्यात. बाहेर पडताना ते म्हणाले, "आज घरभर तुझाच वास सुटलाय." मी हसले.

त्या दिवशी त्यांनी एक मोठा लॉट कोरडा म्हणून पास केला. आठवड्याभरात तो रंगाईवाल्याकडून परत आला, घडीघडीत काळे ठिपके. शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाचा, अब उमर हो गई. घर पे आराम करो."

बाबांनी ते खरं मानलं. खाटेवर बसून मला सांगत राहिले, "घडीत नाक घातलं व्हतं गं मी. कुबट न्हाय, चांगला वास आला." तो चांगला वास कुठला, ते मला तिथल्या तिथे कळलं. पण सांगायचं तर अत्तर का मारलं तेही सांगावं लागलं असतं. मी भित्री, दुसरं काय!

मग दूध नासलंय का, भात आंबलाय का, सगळं ते माझ्यापुढे धरू लागले. स्वतः हुंगूनही बघेनात. बाटली मी कपाटात साड्यांखाली दडवली आणि अत्तर लावणं बंद केलं. तेवढीच स्वतःला शिक्षा.

महिन्याभराने एकदा कामावरून येऊन त्यांना चहा देत होते. बशी हातात धरून ते म्हणाले, "आधी तू दारात आलीस की वास यायचा तुझा. आता तोपन न्हाय येत. समदंच गेलं बघ."

तेव्हा तरी बोलायचं. आत जाऊन रडले, पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली बाहेर काढली, दोन्ही मनगटांना लावलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाबांनी मान वर केली. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"आला! आला गं!" त्यांनी माझा हात नाकाशी घट्ट धरला. "लूमवरनं उतरलेल्या कापडाला असाच वास यायचा बघ. हाच."

मी हो म्हटलं.